इंटरमिटंट फास्टिंगचा स्त्रियांच्या आरोग्यावर आणि खाण्याशी असलेल्या नात्यावर काय परिणाम होतो?

सोळा तास उपास आणि उरलेल्या आठ तासांत जेवण ही पद्धत स्त्रियांना मानवते का, आणि तिच्यामुळे खाण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते का, असे आपण विचारले आहे. मी ही पद्धत दहा महिने पाळून सोडून दिली आहे, त्यामुळे माझे उत्तर अगदी तटस्थ नसेल.

वजनाचा मुद्दा आधी संपवते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३९ लठ्ठ व्यक्तींना वर्षभर सारख्याच मर्यादित उष्मांकांचा आहार सांगितला होता आणि त्यांतील एका गटाला तो सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच घ्यायचा होता. वर्षअखेरीस दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. मला तरी यात आश्चर्य वाटले नाही.

पाळीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमस ठरावीक लयीत एक संप्रेरक सोडतो, त्याच्या इशाऱ्यावर पिट्युटरी ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच ही आणखी दोन संप्रेरके स्रवतात आणि त्यांच्या आधारे बीजांडकोशाचे काम चालते. शरीराला ऊर्जा अपुरी पडू लागली की ही लय मंदावते. नियमित पाळी येणाऱ्या तरुण स्त्रियांवर केलेल्या, २००३ मधील एका प्रयोगात असे दिसले की, व्यायामाचा खर्च वजा केल्यावर चरबीविरहित वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ३० किलोकॅलरींहून कमी ऊर्जा उरली, तर पाच दिवसांतच एलएचची लय बिघडते. चरबी वगळून ४२ किलो वजन असलेल्या स्त्रीसाठी हा आकडा १२६० होतो. दोन वेळच्या जेवणात, त्यातही रोज धावत असताना, त्याखाली घसरायला वेळ लागत नाही, आणि मी तेच करत होते. माझी पाळी आधी पंचेचाळीस दिवसांवर गेली, मग आलीच नाही. डॉक्टरांनी गर्भधारणा, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनची तपासणी करून घेतली आणि नंतर मी दिवसभरात काय खाते ते लिहून आणायला सांगितले. पाळी दीर्घकाळ बंद राहिली तर इस्ट्रोजेन कमी पडून हाडे विरळ होतात, हे मला तेव्हा कळले.

सर्वच स्त्रियांचे असे होते, असे मात्र नाही. लठ्ठ स्त्रियांनी आठ आठवडे चार ते सहा तासांतच जेवण उरकले, तेव्हा त्यांच्यातील डीएचईए हे संप्रेरक काहीसे घटले, पण टेस्टोस्टेरॉन बदलले नाही. पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या असंतुलनामुळे पाळी अनियमित होण्याचा विकार, असलेल्या स्त्रियांवरील छोट्या अभ्यासांत इन्सुलिन आणि पाळी सुधारल्याचेही दिसले आहे. एखाद्या मैत्रिणीला लाभलेले वेळापत्रक सडपातळ, व्यायाम करणाऱ्या स्त्रीला बाधू शकते ते यामुळेच.

खाण्याशी असलेले नाते माझ्या बाबतीत पाळीच्याही आधी बिघडले होते. सकाळी लागलेली भूक मी काळ्या कॉफीने मारत असे, आणि रात्री पावणेआठला पोट भरलेले असतानाही, आता नाही तर उद्या दुपारपर्यंत नाही, या धास्तीने पुन्हा ताट वाढून घेत असे. अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये ३६ पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले, तेव्हा ते पाककृतींची पुस्तके वाचत बसत आणि नंतर त्यांच्यापैकी अनेकांचे खाणे आवरेनासे झाले. माझी उपासमार त्यापुढे किरकोळ होती, तरी खाण्याच्या विचारांनी व्यापलेला दिवस मला ओळखीचा वाटला.

आपण गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, मधुमेहावर इन्सुलिन घेत असाल किंवा पूर्वी खाण्याचा विकार झाला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. इतरांनी सुरू करण्यापूर्वी मागील तीन पाळ्यांच्या तारखा लिहून ठेवाव्यात आणि पुढे अंतर वाढू लागले तर लगेच थांबावे. न्याहारी पुन्हा सुरू केल्यावर माझी पाळी चार महिन्यांनी परतली. रात्री आठ वाजता घड्याळाकडे नजर जाण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही.