शांततेला नाव द्यायचा पगार

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी 22 वर्षांची, आठ महिने एका संकलकाकडे सहायक आहे. एका लघुपटाच्या आवाजाच्या फाइलींमधून हव्या त्या भागांच्या सबक्लिप काढायच्या, त्यांना नावं द्यायची आणि योग्य त्या बिनमध्ये, म्हणजे संकलनाच्या सॉफ्टवेअरमधल्या फोल्डरमध्ये लावायच्या, हे तिचं काम. तुमच्या लेखी ही कारकुनी. ती सोडून तिने एमबीएच्या प्रवेश परीक्षेला बसावं आणि हे मी तिच्या गळी उतरवावं, अशी तुमची अपेक्षा आहे.

मी अडखळलो ते पत्राच्या मध्यावर. ‘काम किती सोपं आहे हे दाखवायला’ ती झोपल्यावर तुम्ही तिची हार्ड डिस्क जोडलीत आणि 312 ऑडिओ फाइलींची नावं बदलून 1 ते 312 क्रमांक दिलेत. सकाळी तिने प्रोजेक्ट उघडला तर जिकडेतिकडे ‘मीडिया ऑफलाइन’, म्हणजे सॉफ्टवेअरला मूळ फाइलीच सापडेनात. तेव्हापासून ती तुमच्याशी बोलत नाही आणि ‘असा तापट स्वभाव या क्षेत्रात चालतो का?’ असं तुम्ही मलाच विचारताय.

साहेब, तुमच्या कार्यालयातल्या कपाटातल्या फायलींची लेबलं कुणी रात्रीतून खरवडून काढली असती, तर तुम्ही सकाळी त्याला चहा पाजला असता का? मला तिचा राग समजतो. तुमची ती रात्र मात्र समजत नाही.

‘ती फाइली कापते’ असं तुम्ही लिहिलंय. ती काहीच कापत नाही. सबक्लिप म्हणजे मूळ फाइलमध्ये इथून इथपर्यंत, एवढी नोंद. डिस्कवर नवी फाइल तयार होत नाही. म्हणून तर प्रोजेक्टमध्ये सबक्लिपचं नाव कितीही वेळा बदललं तरी बिघडत नाही, आणि डिस्कवरच्या मूळ फाइलचं बदललं की तिच्यावरच्या सगळ्या सबक्लिप एकदम आंधळ्या होतात. त्या मूळ नावांत बहुधा सीन आणि टेक असतो. ध्वनिमुद्रकाच्या कागदावर तेच लिहिलेलं असतं. पुढे ध्वनिसंकलक नाव आणि टाइमकोड (फाइलमध्ये नोंदलेली वेळ) यांवरूनच मूळ ट्रॅक शोधतो. तिथे ‘187’ काय कामाचं? शूटिंगच्या कार्डांची प्रत संकलकाकडे असायलाच हवी. तिच्यावरून जुनी नावं परत आणता येतील, पण तो दिवस तिचा गेला.

आता त्या नावांबद्दल. तुम्ही थट्टेने दोन उतरवून पाठवलीत: ‘खोली_शांत_पंखा बंद’ आणि ‘खोली_शांत_पंखा चालू’. खाली प्रश्न, ‘शांततेला नाव द्यायचा पगार मिळतो का?’ मिळतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी ऐकू येते. संवादातून एखादा शब्द काढला की तिथे भोक पडतं, ते त्याच खोलीच्या शांततेने बुजवावं लागतं. पंखा बंद असलेल्या प्रसंगात पंखा चालू असतानाची शांतता टाकली, तर प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.

तुम्ही पाठवलेलं तिसरं नाव मला सगळ्यात आवडलं: ‘14_03_आई_वाक्य चुकलं_हुंदका चांगला’. सॉफ्टवेअरवर सोडलं असतं तर तिथे ‘सबक्लिप 001’ छापाचं काहीतरी आलं असतं. प्रीमियर या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 2023 पासून बोललेला मजकूर वाचत संकलन करता येतं, त्यामुळे शब्द शोधायला मशीन आहेच. पण वाक्य वाया गेलं तरी हुंदका दुसऱ्या टेकला लावता येईल, हे ऐकून कुणीतरी ठरवलंय. ही पोरगी ऐकते.

म्हणून मी तिला एमबीए सुचवणार नाही, आणि खरं सांगायचं तर संकलनही आंधळेपणाने सुचवणार नाही. तिने संवाद-संकलन आणि ध्वनिआरेखन या बाजूला बघावं. फिल्म संस्थांत ध्वनीचे स्वतंत्र अभ्यासक्रम असतात, प्रवेश परीक्षा असते, ती माहिती तिला सहज मिळेल. तुमची एक शंका मात्र रास्त आहे: आठ महिने एकच काम. तिने संकलकाला स्पष्ट विचारावं, ‘मी लावलेल्या क्लिप टाइमलाइनवर, म्हणजे फिल्म जुळवताना, कशा वापरता, ते बघायला बसू का?’ वर्षभरात एकदाही बसू दिलं नाही, तर जागा बदलावी. क्षेत्र सोडायचं कारण नाही.

हे सगळं मी तिच्याशी बोलायला हवं, तुमच्याशी नाही. क्लिपांची नावं तुम्ही अक्षर न चुकता उतरवलीत, पण लघुपट कशावर आहे ते पत्रात कुठेच नाही. तिला काय करायचंय, तेही नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या. त्याआधी त्या 312 फाइलींबद्दल माफी मागा, आणि तिने लॅपटॉपला पासवर्ड लावला असेल तर तो विचारू नका.