300 फॉर्म तुम्ही भरून घेणार, मग प्रबंध कोणाचा?

ऐरोलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी पर्यटनात एम.ए. करतेय, शेवटचं वर्ष. प्रबंधासाठी तिला घारापुरीच्या, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटावरच्या, रहिवाशांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. वडील लिहितात, 'वीस जणांशी गप्पा मारून काय सिद्ध होणार? त्यापेक्षा मी ऑफिसच्या ग्रुपवर 300 गूगल फॉर्म भरून घेतो. नंतर तिला एमपीएससीला बसवायचंय. आणि मुलगी एकटी बेटावर कशी जाणार?'

साहेब, मला काळजी वाटते ती त्या 300 फॉर्मची. शाळेच्या सहलीत कधीतरी लेणी बघून आलेली तुमच्या ऑफिसातली माणसं बेटावरच्या संसारांबद्दल खुणा करणार, आणि खाली सही तुमच्या मुलीची? याला मदत नाही, लबाडी म्हणतात. शिवाय एवढ्या लांबलचक पत्रात तिला पुढे काय करायचंय, याची एक ओळ नाही.

किती टक्के पर्यटक खूश आहेत, हे हवं असेल तर सर्व्हेच करावा. तिथे वीस माणसं पुरणार नाहीत. तिचा प्रश्न तो नाही; पर्यटनातून बेटावरच्या लोकांच्या वाट्याला काय आलं, हा आहे. लेण्यांना जागतिक वारसा दर्जा मिळाला 1987 साली. बेटावरच्या गावांत समुद्राखालच्या केबलने वीज आली ती मात्र 2018 मध्ये. 'पर्यटनाचा फायदा झाला का?' यावर फॉर्मात 'हो'वर खूण पडेल आणि विषय संपेल. बेटावरच्या शेतबंदर गावातल्या टपरीवाल्या बाईंना समोर बसून विचारलं, तर सोमवारी लेणी बंद असताना गल्ल्यात काय पडतं, मोक्याची जागा कोणाला मिळते, लांबच्या मोराबंदर गावाला त्यातलं काय पोचतं, हे निघेल. मग ते रेकॉर्डिंग शब्दन् शब्द उतरवायचं (तासाभराच्या बोलण्याला पाच-सहा तास सहज जातात), ओळीओळीला कोड (म्हणजे आशय सांगणारी छोटी नावं) द्यायचे, कोडांतून सूत्रं शोधायची. नवीन काही निघेनासं झालं की थांबायचं. गप्पा इतक्या कष्टाच्या नसतात.

एमपीएससी कुठे पळून जात नाही; प्राध्यापकी हवी तर त्यासाठीच्या 'नेट' या पात्रता परीक्षेला पर्यटन हा विषय आहे. नुसत्या प्रबंधावर नोकरी मिळेल, असं मात्र मी सांगणार नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या.

एकटीने जाण्याची काळजी रास्त आहे. जा सोबत. फक्त मुलाखत चालू असताना टपरीपासून लांब बसा. शेजारी परका पुरुष असला, तर गल्ल्यातले पैसे शेवटी कोणाच्या हातात जातात, हे त्या बाई सांगायच्या नाहीत. आणि परतीची शेवटची बोट चुकवू नका, पर्यटकांना रात्री तिथे राहता येत नाही.