खारफुटीच्या चिखलातून सेल्युलोज पचवणारे जिवाणू शोधणं हा एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी चांगला विषय आहे का?

विषय चांगला आहे. तुमचा बेत मात्र शेवटी एकदम लांब उडी मारतो. ठाणे खाडीच्या काठचा चिखल आणायचा, सीएमसी अगारवर (सेल्युलोज मिसळलेल्या जेलीसारख्या माध्यमावर) पसरायचा, काँगो रेड हा रंग ओतायचा आणि ज्या कॉलनीभोवती सर्वांत मोठं वर्तुळ दिसेल तो जिवाणू घेऊन भाताचा पेंढा कुजवायचा, असं तुम्ही लिहिलं आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि असल्या वर्तुळांचे फोटो लावलेले प्रोजेक्ट दरवर्षी तपासतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सीएमसी, म्हणजे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, हे रासायनिक प्रक्रिया करून पाण्यात विरघळेल असं केलेलं सेल्युलोज आहे. पानात, लाकडात, पेंढ्यात ग्लुकोजच्या साखळ्या शेजारी शेजारी घट्ट बसून स्फटिकासारखे धागे तयार करतात आणि त्यावर लिग्निन या चिवट पदार्थाचं वेष्टण असतं. सीएमसीत वेष्टणही नाही आणि घट्टपणाही नाही. काँगो रेड लांब साखळीला धरून बसतं. साखळीचे तुकडे झाले असतील तिथला रंग मिठाच्या पाण्याने धुतल्यावर निघून जातो, तेच तुमचं वर्तुळ.

म्हणजे ते वर्तुळ एकाच एन्झाइमची साक्ष देतं: साखळीला मधोमध तोडणारं एंडोग्लुकॅनेज. खरं सेल्युलोज संपवायला आणखी दोन लागतात. एक साखळीच्या टोकापासून दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या सोलत जातं आणि दुसरं, बीटा-ग्लुकोसिडेज, त्या जोड्या फोडतं. जोड्या साचल्या की सोलणारं एन्झाइम मंदावतं, त्यामुळे तिसऱ्याशिवाय गाडं अडतं. बॅसिलस सबटिलिससारखे जिवाणू सीएमसीवर झकास वर्तुळ देतात, पण फिल्टर पेपरची, म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोजची, पट्टी त्यांच्यापुढे ठेवली की बहुतेक वेळा ती तशीच तरंगत राहते. त्यातून माध्यमात पेप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ही तयार पोषकद्रव्यं भरपूर घातलेली असतील, तर कॉलनी त्यावरच पोसली जाते. सेल्युलोजची तिला गरजही नसते.

दुसरी गोष्ट चिखलाची. खाडीत ओहोटीला पाय घातला तर वरचा पातळ थर तपकिरी दिसतो आणि खाली लगेच काळं लागतं. ऑक्सिजन काही मिलिमीटरच्या खाली पोचतच नाही. अपवाद तिवराच्या (खारफुटीतल्या एका झाडाच्या) श्वसनमुळांभोवतीचा आणि खेकड्यांच्या बिळांचा. मग खाली गाडली गेलेली पानं कोण कुजवतं? क्लॉस्ट्रिडियमच्या गोतावळ्यातले, ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू. त्यांच्यातल्या काहींची एन्झाइम्स सुटी फिरत नाहीत, एका मोठ्या सांगाड्यावर ओळीने जोडलेली असतात. याला सेल्युलोसोम म्हणतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमध्ये लामेद आणि बायर यांनी ते क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम या उष्णताप्रिय जिवाणूत दाखवून दिलं.

हे जिवाणू ग्लुकोज आंबवून अ‍ॅसिटेट, हायड्रोजन वगैरे बाहेर टाकतात आणि त्यावर सल्फेट-क्षपणी (ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरणारे) जिवाणू जगतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेटची ददात नसते. त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सडक्या अंड्याचा वास त्याचाच, आणि लोहाशी त्याचा संयोग झाला की चिखल काळा पडतो. सेल्युलोज तोडणारा वेगळा, उरलेलं खाणारा वेगळा. उघड्या प्लेटवर यातलं जवळजवळ काहीच उगवणार नाही. उगवेल तो बॅसिलस, जो कदाचित बीजाणू होऊन नुसता झोपलेला होता. प्लेटवर दिसला म्हणजे चिखलात राबत होता असं धरू नका.

पान कोणत्या झाडाचं, यानेही फरक पडतो. तिवराचं पान पातळ, टॅनिन (तुरट द्रव्य) कमी, लवकर विरतं. कांदळ या दुसऱ्या खारफुटीचं जाड आणि टॅनिनने भरलेलं, ते रेंगाळतं. सेल्युलोजमध्ये नायट्रोजन अजिबात नसतो, तो जिवाणूंना भोवतालातून मिळवावा लागतो. (खारफुटीचं लाकूड पोखरणाऱ्या शिपवर्म या शिंपल्याच्या जातीतल्या प्राण्याच्या कल्ल्यांत टेरेडिनिबॅक्टर नावाचा जिवाणू राहतो. तो सेल्युलोजही पचवतो आणि हवेतला नायट्रोजनही बांधतो. असला कारागीर विरळाच.)

आता पेंढा. उद्योगात सेल्युलेज मुख्यतः ट्रायकोडर्मा रीसाय या बुरशीपासून मिळतं. ती दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापड कुजवताना सापडली होती. एन्झाइम ओतण्याच्या बाबतीत तिच्यापुढे तुमचा जिवाणू टिकणं कठीण, आणि शेतातल्या साध्या कंपोस्टला खाडीतला जिवाणू कशाला हवा, हा प्रश्न परीक्षक विचारणारच. उत्तर मिठात आहे. पेंढ्यातलं लिग्निन सैल करायला तो आधी अल्कलीत भिजवतात, मग आम्लाने उदासीन करतात, आणि त्यात क्षार तयार होतात. पुष्कळ एन्झाइम्स अशा खारट द्रावणात मंदावतात. खाडीतल्या जिवाणूचं एन्झाइम तिथे चाललं, तर तुमच्या कामाला अर्थ आहे. प्रोजेक्टचा प्रश्न हाच ठेवा.

मी असतो तर वरचा तपकिरी आणि खालचा काळा थर वेगळे गोळा केले असते. माध्यम खाडीच्या गाळलेल्या पाण्यात केलं असतं, त्यात कार्बनचा एकमेव स्रोत म्हणून फिल्टर पेपर. पट्टी ज्या नळीत विरली, त्यातूनच पुढे प्लेटवर गेलो असतो. काळ्या थरासाठी नायट्रोजन भरून रबरी बुचाने बंद केलेल्या नळ्या पुरतात, महागडी अ‍ॅनेरोबिक चेंबर (ऑक्सिजनविरहित पेटी) नसली तरी चालेल. एन्झाइम मोजताना डीएनएस पद्धतीने (सुटलेली साखर रंगावरून मोजण्याच्या पद्धतीने) सीएमसी आणि फिल्टर पेपर दोन्हींवर मोजा, आणि मीठ शून्यापासून वाढवत न्या. पट्टी विरवणारी एकच शुद्ध जात नाही मिळाली, दोन-तीन जातींचं मिश्रणच काम करत असेल, तर तसंच लिहा. मार्गदर्शक कुरकुर करतील, पण चिखलातही असंच चालतं.

आणि चिखल आणायला परस्पर जाऊ नका. महाराष्ट्रात खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, ठाणे खाडीतला काही भाग तर २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज करा, आणि तो विषय मंजूर झाल्या दिवशीच टाका.