एटी घेऊ का एमटी? फोर बाय फोरवाल्यांचे टायरप्रश्न

पाऊस जवळ आला की इंदूरात सगळ्यांना चोरल, पातालपानी, जानापाव ही आसपासची भटकायची ठिकाणं आठवायला लागतात, आणि मग गाडीखाली वाकून टायर बघितले जातात. त्यामुळे यावेळी नुसते टायरचेच प्रश्न घेतलेत. तीन नावं आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे अडायला नको. एचटी म्हणजे हायवेचा टायर, बारीक नक्षी, शांत. एमटी म्हणजे चिखलाचा, मोठे ठोकळे आणि मध्ये रुंद खाचा. आणि एटी या दोघांच्या मधला.

माझी थार २५५/६५ आर १८ वर आहे. रोज राजेंद्रनगर ते पीथमपूर ऑफिस, रविवारी जानापाव नाहीतर चोरलकडे. ग्रुपमध्ये सगळ्यांनी एमटी टाकलेत, मलाही तेच हवेत. बायको म्हणते आवाज करतील. काय करू? — अमेय

बायकोचं ऐक, पण आवाजासाठी नाही. आवाजाची सवय होते, ओल्या डांबरावर लांबलेल्या ब्रेकची होत नाही. एमटीच्या ठोकळ्यांवर त्या बारीक चिरा अगदी कमी असतात ना, त्या चिराच ओल्या रस्त्यावरचं पाणी कापतात आणि रबराला डांबराला धरायला कडा देतात, शिवाय ठोकळे लांब लांब असल्यामुळे जमिनीला टेकणारं रबरही कमी. आता तुझाच हिशोब कर, आठवड्याचे पाच-सहा दिवस ऑफिसचा रस्ता, पुढे ट्रक, जुलैचा पाऊस, आणि मध्येच कोणीतरी बाइक घालतो. तिथे तुला एमटी काहीच देत नाही, उलट काढून घेतो. स्टीअरिंग थोडं ढिलं लागतं, ॲव्हरेज पडतं आणि टायर झिजतोही लवकर.

बरं, जानापावला तरी चिखल कितीसा आहे? आपला माळवा बेसॉल्टवर बसलाय, त्या डोंगराच्या वाटेवर सगळी काळी धारदार दगडं. तिथे नक्षीपेक्षा टायरची बाजू महत्त्वाची, म्हणजे साइडवॉल. दगडाची कड बाजूला घासली की सरळ चीर जाते आणि टायर संपला. म्हणून एटी घेताना ज्याची साइडवॉल जाड आहे, खांद्यावरून खाली ठोकळे उतरलेत, तो घे. योकोहामाचा जिओलँडर एटी, अपोलोचा ॲप्टेरा एटी, मॅक्सिस, बीएफगुडरिच, नावं तुला माहीतच असतील, यातला बीएफगुडरिचचा एटी बाजूने चांगला दणकट पण वजनाला जड आणि खिशालाही जड. तुझ्या साइजमध्ये काय मिळतंय ते दुकानात हात लावून बघ, अंगठ्याने साइडवॉल दाबून बघ, फोटोवरून ऑर्डर करू नकोस.

आणि खरं सांगू का, दगडात टायर बदलण्याइतकाच फरक हवा कमी केल्याने पडतो, तोही फुकट. वाट सुरू व्हायच्या आधी बत्तीस-तेहतीस पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) बावीस-वीसपर्यंत आण. टायर खाली बसतो, जमिनीला टेकणारा भाग लांब होतो (रुंद फारसा होत नाही, लोकांचा हा गैरसमज आहे), दगडावरून उसळी मारण्याऐवजी दगडाला मिठी मारून पुढे जातो, गाडीतल्यांचे मणकेही वाचतात. पण अशा हवेवर वेग तीसच्या आत, आणि मऊ पडलेल्या टायरची बाजू फुगून बाहेर येते म्हणून दगडाच्या शेजारून जाताना नेहमीपेक्षा हातभर जास्त जागा सोड. डांबरावर आलास की लगेच हवा भर, कमी हवेवर महूपर्यंत पळवलास तर टायर आतून तापून फाटतो. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर आणि धड गेज, आधी हे दोन घे.

एमटी कोणाला? ज्याची रोजची वाटच चिखलाची आहे त्याला. पुढचा प्रश्न बघ.

देपालपूरजवळ शेती आहे, काळी माती. बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर आहे, मागे बियाणं, खत, कधी डिझेलचे कॅन. पावसाळ्यात शेवटच्या एक किलोमीटरमध्ये गाडी अडकतेच. टायर एचटी आहेत. एटी टाकले तर निघेल का? — एक शेतकरी वाचक

काका, स्पष्टच सांगतो, एटीने तुमचं काम होणार नाही. काळ्या मातीची गंमत अशी की ती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते, चार फेऱ्यांत एटीच्या सगळ्या खाचा भरून जातात, मग टायर म्हणजे नुसता मातीचा गुळगुळीत गोळा. त्यावेळी तो एचटी होता का एटी होता हे कोणाला ओळखू येणार नाही. एमटीच्या खाचा रुंद असतात म्हणून चाक जरा जोरात फिरवलं की माती फेकली जाते, टायर स्वतःला साफ करतो. त्यामुळे तुम्ही एमटीच घ्या, तुमच्या बाबतीत ते शौक नाही, गरज आहे.

यात अजून दोन गोष्टी. एक म्हणजे तुम्ही माल नेता, तेव्हा टायरवरचा लोड इंडेक्स बघा. साइजच्या पुढे आकडा असतो, ९६ असेल तर एका टायरवर ७१० किलो, १०० असेल तर ८००, ११२ असेल तर ११२०. कंपनीने दिलाय त्यापेक्षा कमी आकड्याचा टायर कोणी कितीही स्वस्तात दिला तरी घेऊ नका. आणि साइजच्या आधी एलटी लिहिलेला टायर घेतलात, म्हणजे हलक्या ट्रकच्या प्रकारचा, तर तो मजबूत असतो पण तेवढंच वजन पेलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. दाराच्या स्टिकरवरचा आकडा त्याला तसाच चालत नाही, दुकानदाराकडून त्या टायरचा तक्ता मागून घ्या.

दुसरी गोष्ट, रुंद का अरुंद. हे लोक तासन्तास भांडतात. खाली कडक जमीन असेल आणि वर वीतभर चिखल, तर अरुंद टायर चिखल कापून खाली पोचतो आणि पकड घेतो. पण आपल्याकडे काळी माती कुठे कुठे इतकी खोल आहे की खाली टेकायला काही सापडतच नाही, गाडी चाकोरीत बसते आणि पोट टेकतं. तिथे हवा कमी करून वरच्यावर निघायचं आणि मध्ये थांबायचं नाही. लो रेंजमध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या सावकाश पण ताकदीच्या गिअरमध्ये, दुसरा गिअर, एकसारखा पाय. पोट टेकलं की कुठलाच टायर काही करू शकत नाही, मग ट्रॅक्टरच.

आणि टायरच्या पानावर हे लिहिणं माझ्या धंद्याचं नाही, पण त्या एक किलोमीटरचा जो सगळ्यात वाईट तुकडा आहे तेवढ्यावर उन्हाळ्यात मुरूम टाकून घ्या. एमटीच्या चार टायरच्या पैशात बऱ्याच ट्रॉल्या येतील, आणि मुरूम तुमच्या पाहुण्यांच्या गाडीलाही उपयोगी पडतो.

जिम्नी घेतलीये. ओरिजिनल १९५/८० आर १५ फार बारीक दिसतात. २१५/७५ टाकू का सरळ २३५/७५? काही कापाकापी करावी लागेल का? — सुहृद, लोकमान्य नगर

सुहृद, आधी आकडेमोड. १९५/८० मध्ये १९५ ही टायरची रुंदी, साइडवॉल तिच्या ८० टक्के म्हणजे १५६ मिलीमीटर, ती वर आणि खाली, अधिक पंधरा इंची रिम ३८१, एकूण उंची ६९३. तसाच हिशोब केलास तर २१५/७५ येतो साधारण ७०३, आणि २३५/७५ येतो ७३३. म्हणजे पहिल्याने उंची दीड टक्का वाढली, दुसऱ्याने जवळजवळ सहा टक्के.

आता गाडीची उंची वाढते ती यातल्या निम्म्याने. २१५ ने गाडी पाच मिलीमीटर वर जाणार, पाच! २३५ ने वीस. वीस मिलीमीटर कामाचे आहेत, नाही म्हणत नाही, पण त्याच्या बदल्यात मीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा सहा टक्के जास्त पळत असेल, दीड लिटरचं इंजिन प्रत्येक गिअरमध्ये कण्हणार, आणि चार गिअरची ऑटोमॅटिक असेल तर भेरूघाटात मागचा ट्रक तुला हॉर्न देईल. शिवाय जिम्नीची रिम साडेपाच इंच रुंद आहे आणि २३५/७५ ला कमीत कमी सहा इंची रिम लागते, म्हणजे रिम पण बदल, मग स्टीअरिंग पूर्ण वळवलं की चाक घासतं म्हणून गाडी उंच करायचं लिफ्ट किट टाक, मग अलाइनमेंट, ही यादी संपत नाही. २१५/७५ मात्र त्याच रिमवर बसतो, एटीमध्ये मिळतो, दिसायलाही भरलेला. तोच घे.

कायद्याचं पण बघून ठेव, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी लांब नेता येत नाही. जेवढं मूळ साइजच्या जवळ राहशील तेवढी आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्यासमोर कटकट कमी. आणि स्टेपनी विसरू नकोस, ती मागच्या दारावर टांगलेली आहे, जड टायर टांगला की बिजागरीवर भार येतो.

जूनमध्ये आम्ही दोघी मैत्रिणी स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोरने इंदूरहून मनाली-काझा करणार आहोत. टायर अर्धे झिजलेत. वर गेल्यावर हवा कमी करावी लागते असं ऐकलं, खरं का? — मृणाल ताई

ताई, छान बेत आहे. टायरच्या खाचेत तळाशी छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलीमीटरचे, तिथपर्यंत झिजला की टायर बाद. पण तुमच्या वाटेतल्या ग्रांफूपासून बातलपर्यंतच्या दगडगोट्यांना आणि नाल्यांना मी तेवढ्यावर कोणाला पाठवणार नाही. निदान चार-पाच मिलीमीटर नक्षी शिल्लक हवी. अर्धे म्हणता म्हणजे बहुतेक एवढी असेल, पण मोजून घ्या, टायरच्या आतल्या कडेला पण मोजा, तिकडे कोणी बघत नाही.

आता हवा. वाटेतली 'कुंझुम ला' ही खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे, काझा साडेतीन हजाराच्या वर. बाहेरची हवा विरळ झाली की गेजवरचा आकडा वाढतो, कारण गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतं. इंदूरहून काझाला नुसत्या उंचीमुळे साधारण चार पीएसआयची वाढ दिसायला पाहिजे. पण तिकडे थंडी असते, आणि तापमान पाच-सहा डिग्री उतरलं की टायरची हवा एक पीएसआयच्या आसपास उतरते. इंदूरात तीस डिग्रीला भरलेली हवा काझाला पहाटे पाच डिग्रीला बघितलीत तर दोन्ही जवळजवळ फिटतात, आकडा होता तिथेच. म्हणजे काहीच करायचं नाही! घोळ तेव्हा होतो जेव्हा लोक दुपारी उन्हात, गाडी चालवून गरम झालेल्या टायरची हवा मोजतात, चाळीस बघून घाबरून काढतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पंचवीसवर निघतात. त्यामुळे तिकडे रोज सकाळी निघायच्या आधी थंड टायरवर मोजा, दुपारी गेजला हात लावू नका.

खराब रस्त्यावर चार-पाच पीएसआय कमी केलेत तर चालेल, पण ते मुद्दाम, वेग कमी ठेवून.

मागचे दोन टायर गेले. दोनच बदलले तर चालेल ना? — फॉर्च्युनरवाले देशपांडे

रस्त्यावर टू व्हीलमध्ये चालवणार असाल तर एकवेळ चालेल, साइज आणि मेक तोच ठेवा आणि नवे मागेच लावा. पण तुमच्या गाडीत फोर एच मध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या मोडमध्ये, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो. मागचा टायर नवा नऊ मिलीमीटरचा आणि पुढचा झिजून तीनचा, म्हणजे व्यासात बारा मिलीमीटरचा फरक, तोच फरक चाकं प्रत्येक फेरीत ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा गिअरबॉक्स) काढतात. चिखलात चाक घसरून ताण सुटतो, कोरड्या कडक जमिनीवर सुटत नाही, मग फोर व्हीलमधून बाहेर यायला अडतं आणि गिअरबॉक्सवाल्याचं बिल येतं. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढेमागे फिरवत राहिलात, स्टेपनीसकट, तर हा प्रश्नच येत नाही.

दुकानदार निम्म्या किमतीत "नवा स्टॉक" देतोय, घेऊ? आणि नायट्रोजन भरावा का?

टायरच्या बाजूला डीओटीनंतर शेवटचे चार आकडे बघा, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. वर्षभरापर्यंतचा ठीक. तीन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला असेल तर निम्म्यातही महाग, आपल्याकडच्या उन्हात पाच-सहा वर्षांत रबराला बारीक भेगा पडायला लागतात आणि त्यातली तीन आधीच गेलेली. बिलावर ते चार आकडे लिहून घ्या. नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेतच तो ७८ टक्के असतो. फुकट देत असतील तर भरा.

साइडवॉलला कट गेला होता, पंक्चरवाल्याने आत पॅच मारून दिला. चालवू का?

नाही. मधल्या नक्षीतलं खिळ्याचं भोक आतून मशरूम पॅच लावून नीट होतं, पण बाजू प्रत्येक फेरीत वाकते, तिथे पॅच टिकत नाही. घरापर्यंत हळू आणा आणि टायर बदला, तो स्टेपनी म्हणूनही ठेवू नका, कारण मग तो नेमका रात्री सिमरोल घाटात लावला जाईल.