निरोपाची मैफल: पडद्यावरची आणि तबकडीवरची

प्रश्न: ‘द बँड’ या रॉक गटाच्या अखेरच्या मैफलीवरील ‘द लास्ट वॉल्ट्झ’ हा चित्रपट नुकताच पाहिला. वडिलांच्या संग्रहात त्याच नावाचा तीन तबकड्यांचा संच आहे. दोन्हींतील गाण्यांचा क्रम जुळत नाही आणि चित्रपटातील काही गाण्यांत श्रोतेच दिसत नाहीत. त्या रात्रीचे खरे काय मानावे?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर: आपली शंका रास्त आहे. मैफल २५ नोव्हेंबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात झाली. चित्रपट आणि तबकड्या मात्र १९७८ साली आल्या, आणि मधल्या काळात दोन्हींवर पुष्कळ काम झाले. दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांनी त्या रात्री अगदी शेवटी वाजलेले गाणे चित्रपटात आरंभीच घेतले आहे. स्टेपल सिंगर्स आणि एमिलू हॅरिस यांच्यासोबतची गाणी नंतर स्टुडिओत चित्रित झाली, म्हणून तेथे श्रोते नाहीत. शिवाय मैफलीतील गायन-वादनाचे बरेच तुकडे मागाहून पुन्हा मुद्रित करून जोडलेले आहेत.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली ज्या गावात उभी राहिली, तेथील वाचकाला रिळाचे गणित वेगळे सांगायला नको. पस्तीस मिलिमीटरचे हजार फुटी रीळ जेमतेम अकरा मिनिटांत संपते आणि मैफल तर कित्येक तास चालली. तेव्हा कोणता कॅमेरा कधी थांबवायचा हे आधीच ठरवावे लागले. मडी वॉटर्स गायला उभे राहिले तेव्हा बाकीचे कॅमेरे बंद होते, आणि कानावरचा हेडफोन काढून ठेवल्यामुळे सूचना न ऐकलेल्या लास्लो कोव्हाक्स यांचा एकच चालू राहिला, असे सांगतात. माझ्या मते साऱ्या चित्रपटात तेच गाणे सर्वांत जिवंत उतरले आहे.

या जोडकामाला मी फसवणूक म्हणणार नाही. ढोलवादक लिव्हन हेल्म यांची तक्रार निराळीच होती आणि ती मला अधिक वजनाची वाटते: पाच जणांच्या गटात कॅमेरा रॉबी रॉबर्टसन यांच्यावरच खिळला आणि रिचर्ड मॅन्युएल, गार्थ हडसन जवळजवळ दिसलेच नाहीत, असे त्यांनी १९९३ च्या आत्मचरित्रात लिहिले.

मैफलीच्या अधिक जवळ जायचे असेल, तर २००२ साली निघालेला चार सीडींचा संच मिळवावा. वडिलांच्या तबकड्यांत नसलेली बरीच गाणी त्यात आहेत. मात्र स्टुडिओतील डागडुजी त्यातही आहेच.