मोर्शीजवळच्या गावातून म्हातारे आणि लहान पोरं घेऊन एका दिवसाच्या सहलीला कुठे जावं?

तुमच्यासोबत म्हातारी माणसं आहेत, म्हणून पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी चिखलदऱ्याचं नाव काढू नका. भीमकुंड, देवी पॉइंट तेव्हा सुंदरच असतात, पण घाटात गाड्यांची रांग लागली की म्हाताऱ्यांचे हाल होतात. एखादा आडवार साधता आला तर खुशाल जा.

मी तुमच्या जागी असतो तर डिसेंबर-जानेवारीत सिंभोऱ्याला, अप्पर वर्धा धरणाकडे गेलो असतो. जवळ आहे, शिवाय थंडीत पाणी भरपूर असतं.

जागा निवडताना पाण्याआधी सावली बघा. सकाळी दहाला जिथं गार वाटतं तिथंच बारा वाजता ऊन येतं, त्यामुळे सावली कुठे सरकेल याचा अंदाज घेऊन सतरंजी टाका. चिंच किंवा आंबा असेल तर उत्तम. बाभळीखाली बसाल तर दिवसभर पोरांच्या पायातले काटे काढत राहाल. आम्ही काढलेत.

रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, करणार असाल तर गोवऱ्या घरूनच न्या आणि पेटवण्याआधी एकदा मान वर करून झाड नीट बघा. आग्यामोहोळ असलं तर तिथून सरळ उठा, धुरानं माश्या खवळतात. जंगलाच्या हद्दीत मात्र चूल नाहीच, तिथं डब्बा पार्टी.

पोरांना पाण्यात उतरू देऊ नका. पाणी ओसरलेल्या काठावर वरून पापुद्रा वाळलेला दिसतो, पण पाय टाकला की गुडघाभर गाळ. होळीनंतर जायचं असेल तर बेत पुढच्या हिवाळ्यावर ढकला.