उन्हाळी कार्यक्रमाला ८,४०० डॉलर, की कॉलेजच्याच परदेशी सत्राची वाट?

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका दांपत्याची मुलगी पेनसिल्व्हेनियातल्या लहानशा लिबरल आर्ट्स कॉलेजात दुसरं वर्ष संपवते आहे. तिला उन्हाळ्यात एका खाजगी संस्थेच्या आठ आठवड्यांच्या परदेशी ‘सामुदायिक सेवा’ कार्यक्रमाला जायचंय. फी ८,४०० डॉलर, विमानभाडं साधारण १,२०० वेगळं. कॉलेजचं स्वतःचंही परदेशी सत्र आहे, पण ते तिसऱ्या वर्षी. वडील पॅरेंट प्लस कर्ज (मुलांच्या कॉलेजसाठी पालकांना मिळणारं केंद्र सरकारचं कर्ज) किंवा ४०१ के या निवृत्ती-बचत खात्यातून उचल घेण्याच्या विचारात आहेत. आईंना सगळीच हौस वाटते. ५२९ या शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात ३८,००० डॉलर उरलेत.

नमस्कार. आधी आईंच्या शंकेबद्दल. हौस म्हणून हे झटकून टाकू नका. अँटिऑक कॉलेजात १९२१ पासून वर्गातला अभ्यास आणि बाहेरचं काम आलटून पालटून करायची पद्धत होती. गोशेन कॉलेजने १९६८ पासून परदेशातल्या यजमान कुटुंबात राहून तिथल्या संस्थेत काम करणं अभ्यासक्रमातच बसवलं. तुम्ही ज्या शिक्षणाची फी भरताय, त्यात हे मुरलेलं आहे. माझा आक्षेप आहे तो हेच शिक्षण बाहेरून, वेगळे पैसे मोजून विकत घेण्याला.

‘एकूण किती’ हा आकडा बाजूला ठेवा, ‘जादा किती’ ते बघा. बरीच कॉलेजं परदेशी सत्रालाही आपलीच नेहमीची फी लावतात आणि आर्थिक मदतही त्या सत्राला लागू ठेवतात. तुमच्या कॉलेजचं तसं असेल तर तुमचा जादा खर्च विमानभाडं, व्हिसा आणि वरखर्च एवढाच. वर्क-स्टडीची (आर्थिक मदतीचा भाग म्हणून मिळणाऱ्या अर्धवेळ कामाची) कमाई मात्र त्या काळात बहुधा बुडते, ती धरा. शिवाय विमानभाड्यासारखा वाजवी खर्च ‘कॉस्ट ऑफ अटेंडन्स’मध्ये, म्हणजे मदत ठरवताना कॉलेज जो एकूण खर्च मोजतं त्यात, धरता येतो. फायनान्शियल एड ऑफिसला हे आपणहून विचारावं लागतं, कोणी सांगायला येत नाही. उन्हाळी कार्यक्रमाचे ९,६०० डॉलर मात्र सगळेच्या सगळे जादा, आणि त्या उन्हाळ्यात ती जे कमावली असती तेही गेलं.

आता कर्ज. २०२५-२६ साठी पॅरेंट प्लसचा व्याजदर ८.९४ टक्के आहे आणि सुरुवातीलाच ४.२२८ टक्के कापले जातात. म्हणजे १०,००० उचलले तर हातात ९,५७७ च्या आसपास पडतील आणि दहा वर्षांत फेडाल १५,१६० च्या घरात. आठ आठवड्यांसाठी! आणि कॉलेजने त्या कार्यक्रमाचे श्रेयांक (पदवीसाठी मोजले जाणारे क्रेडिट) मान्य केले नाहीत, तर हे कर्ज त्या कार्यक्रमासाठी मिळणारच नाही. ४०१ केची उचल मी सरळ नाकारतो. मधेच नोकरी सुटली तर उरलेली रक्कम त्या वर्षाचं टॅक्स रिटर्न भरण्याच्या मुदतीपर्यंत फेडावी लागते, नाहीतर त्यावर कर आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर साधारणपणे १० टक्के दंडही.

५२९ चं गणित थोडं नाजूक आहे. परदेशी सत्र पात्र कॉलेजमार्फत असेल तर शिक्षण-फी, आवश्यक पुस्तकं आणि कॉलेजने ठरवलेल्या मर्यादेत राहणं-जेवण त्यातून चालतं. विमानभाडं चालत नाही. श्रेयांक नसलेल्या खाजगी कार्यक्रमाची फी त्यातून भरलीत, तर काढलेल्या रकमेतल्या नफ्याच्या भागावर कर आणि वर १० टक्के.

मुलीलाही एक काम सांगा. त्या संस्थेला लेखी विचारायचं, ८,४०० पैकी यजमान कुटुंबांना आणि तिथल्या संस्थेला किती पोचतात, आणि विद्यार्थी काय काम करणार हे ठरवतं कोण. या क्षेत्रात ‘फेअर ट्रेड लर्निंग’ नावाची एक विचारसरणी आहे. पैशाचा हिशेब उघडा असावा आणि कामाचा निर्णय गावकऱ्यांच्या हातात असावा, असा तिचा आग्रह आहे. उत्तर गुळमुळीत आलं तर विषय संपला. कार्यक्रमात अनाथाश्रमात मुलांना सांभाळणं किंवा प्रशिक्षण नसताना रुग्णांना हात लावणं असेल, तर फुकट मिळालं तरी जाऊ नये. पाहुण्यांच्या पैशासाठी आईवडील असलेली मुलं अनाथाश्रमात ठेवल्याचे प्रकार उघड झालेत.

या उन्हाळ्याचं काय? काही कॉलेजं विद्यार्थ्यांकडून पैसे न घेता उलट देतात. हॅव्हरफर्ड कॉलेजचं सेंटर फॉर पीस अँड ग्लोबल सिटिझनशिप उन्हाळी इंटर्नशिपचा खर्च उचलतं. तुमच्या मुलीच्या कॉलेजात असं केंद्र आहे का ते बघा, नाव वेगळं असू शकेल. निर्वासितांसोबत काम करणारी संस्था कॅम्पसजवळही असते, आणि जगाचं शिक्षण तिथे विमानाशिवाय मिळतं. कॉलेजकडून प्रवासा-राहण्यासाठी मिळालेल्या पैशावर मात्र कर लागू शकतो. तिला पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या विद्यार्थ्यांसाठीचं सरकारी अनुदान) मिळत असेल आणि ती अमेरिकन नागरिक असेल, तर परदेशी शिक्षणासाठीची गिलमन शिष्यवृत्ती ५,००० डॉलरपर्यंत देते. तुमच्या दोघांच्या पगारावर पेल मिळणं मला कठीण वाटतं.

तर माझं मत: उन्हाळी कार्यक्रम सोडा, सत्राची तयारी करा, आणि तोवर महिन्याला शंभरेक डॉलर साध्या बचत खात्यात विमानभाड्यासाठी टाका. एकच गोष्ट हे मत फिरवेल. तिच्या मेजरचे (मुख्य अभ्यासशाखेचे) सक्तीचे विषय त्याच सत्रात आले आणि बाहेर गेल्याने पदवी लांबणार असेल, तर ते जादा सत्र उन्हाळ्यापेक्षा कितीतरी महाग पडेल. म्हणून अर्ज करण्याआधी तिने विभागातल्या सल्लागार प्राध्यापकांकडून उरलेल्या चारही सत्रांचा आराखडा लेखी घ्यावा.